महिपत, तू विचारलं होतंस

महिपत, माधवनगरात सध्या तुझ्याबद्दल एकच वाक्य चाललंय. चहाच्या गाड्यावर, सुताच्या गोदामात, एस. टी. स्टँडवर, जिथं जावं तिथं तेच. "नियम करणाऱ्यानंच नियम मोडला, मंग दुसरं काय हुणार?" बोलणारी माणसं वाईट नाहीत. तुझ्यासाठी हळहळतातच. पण हळहळून झालं की मान हलवून एवढं बोलतात आणि बिडी पेटवतात.

खोटं आहे ते. ओळख पटल्याशिवाय मालाला हातोडा लावायचा नाही, विचारल्याशिवाय भट्टीवर ठेवायचा नाही, हा तुझा नियम तू शेवटच्या दिवसापर्यंत पाळलास. तू विचारलं होतंस. मला विचारलं होतंस. आणि मी उत्तर दिलं होतं.

तुला जाऊन बावीस दिवस झाले. ज्याला हे सगळं आधीच ठाऊक आहे त्यालाच मी हे लिहून सांगतोय, यावरनं माझी काय गत झालीय ती ओळख. दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग झाला नाही. तो कसा झाला नाही तेही सांगतो, पण मला क्रमानं जाऊ दे. मधेच सुरू केलं की माझी जीभ अडखळते.

आपली गाठ पडली ती मिरजेला, रेल्वेच्या जुन्या मालाच्या लिलावात. मी लष्करातून नुकता सुटून आलेलो. सोळा वर्षं लॉऱ्यांच्या वर्कशॉपात घालवली, हवालदार होऊन बाहेर पडलो आणि साताऱ्यात पत्र्याची शेड टाकून भंगार घ्यायला लागलो. तू गिरणीतला फिटर. नोकरी सोडून गिरणीच्याच मागच्या भिंतीला लागून दुकान घातलेलं. लिलावात धंद्याची माणसं कशी वागतात ते तुला सांगायला नको. आपली नजर कुठल्या ढिगावर आहे ते शेजारच्याला कळू द्यायचं नाही. आणि तू भर गर्दीत एक लोखंडी डबडं वर धरून ओरडलास, "आवं, ह्ये काय हाय? कुणाला ठाऊक हाय का?" लोक फिदीफिदी हसले. मला तुझी कीव आली म्हणून म्हणालो, "लॉरीचा डिझेल पंप हाय. चालता दिसतोय. फोडू नका." तू माझ्याकडं असं बघितलंस, जशी काही मी मोठी विद्याच सांगितली. "बरं झालं बाबा," म्हणालास, "मी ह्येला पितळंसाठी फोडणार हुतो." त्या दिवसापासून मी तुझा हवालदार. माझं खरं नाव तुला ठाऊक होतं की नाही, शंकाच आहे.

मेळाव्याची कल्पना तुझीच. "हवालदार, आपल्या धंद्यातली माणसं वर्साचं येकदा तरी येका जागी बसाय पायजेत." मी म्हणालो, "कशाला? डोकी फोडून घ्यायला?" तू म्हणालास, "न्हाई रं. इचारायला." मला ते पटलं नव्हतं. भंगारवाला, रद्दीवाला, काचवाला, चिंध्यांचा व्यापारी, ही माणसं एकमेकांना भेटतात ती फक्त दुसऱ्याचं गिऱ्हाईक पळवताना. पण तू सायकल काढलीस, एस. टी. धरलीस, कराड केलंस, विटा केलंस, तासगाव केलंस, आणि दहा माणसं गोळा करून आणलीस. माझ्यासकट अकरा.

तो पहिला मेळावा मला आता फार आठवतो. पलूसच्या अलीकडं तुझ्या भावाचा उसाचा मळा, गुऱ्हाळ चालू होतं, धुरानं डोळे चुरचुरत होते. ना खुर्ची ना सतरंजी. तू मधोमध एक पोतं अंथरलंस. प्रत्येकानं आपल्या दुकानातली एक अशी वस्तू आणायची होती, जी आपल्याला ओळखता आलेली नाही. ती पोत्यावर ठेवायची, मग हातोहात फिरवायची. ज्याला कळली त्यानं सांगायचं. ज्याला नाही कळली त्यानं मुकाट पुढं सरकवायची नाही. मोठ्यानं म्हणायचं, "मला ठाऊक न्हाई." आणि बाकीच्यांनी हसायचं नाही. अकरा रांगडे गडी, जो तो आपापल्या गावात शहाणा, आणि "मला ठाऊक न्हाई" म्हणताना एकेकाच्या कानाच्या पाळ्या लाल होत होत्या.

न हसायचा नियम मोडला तो इस्लामपूरच्या तात्यांमुळं. तात्यांनी हातभर लांब पितळी पिचकारी आणलेली, चिंचेनं घासून लखलखीत केलेली. म्हणाले, "गुलाबपाण्याची दिसतीया. पुतणीच्या साखरपुड्यात म्या समद्या व्याह्यांवर हिनंच पाणी शिंपडलं. पण हिचं त्वांड असं निमुळतं का, त्ये काय कळंना." पिचकारी फिरत फिरत विट्याच्या रद्दीवाल्याकडं गेली. तो आधी एका दवाखान्यात कंपाउंडर होता. त्यानं ती उलटीपालटी करून बघितली, खाली ठेवली आणि हात धोतराला पुसत म्हणाला, "तात्या, ही एनिमाची हाय." पहिला तू फुटलास. काकवीची वाटी तुझ्या हातातनं सांडली. तात्या बिचारे एवढंच म्हणत राहिले, "व्याह्यांस्नी सांगू नगा म्हंजी झालं."

त्या दिवशी सात वस्तूंना नावं मिळाली. चार तशाच राहिल्या. त्या तू आपल्या दुकानात नेल्यास, एकेकीला पांढरी चिंधी बांधलीस आणि फळीवर ठेवल्यास. पुढं दर वर्षी त्या फळीवर भर पडत गेली. कुठं निघालास की त्यातली एक पिशवीत घालून न्यायचास. कारखान्यात, रेल्वेच्या शेडमध्ये, दवाखान्यात, जो भेटेल त्याला दाखवायचास. माझा जीव जायचा. "आरं, तोड की! वजनाला तरी जाईल," असं मी कितीदा म्हणालो असेन. तुझं उत्तर ठरलेलं. "कुणीतरी डोस्कं चालवून घडवलंय त्ये, हवालदार. कशापायी घडवलंय त्ये कळल्याबिगर मोडायचं कसं?"

आता तुला एक गोष्ट सांगतो, जी तू हयात असताना सांगायला पाहिजे होती. इतकी वर्षं मेळावे झाले, माणसं अकराची चाळीस झाली, पण "मला ठाऊक न्हाई" हे वाक्य मी एकदाही म्हणालो नाही. तुझ्या लक्षात आलं होतं का रे? माझ्या हातात वस्तू आली की मी ती जोखायचो, डोळे बारीक करायचो आणि काहीतरी सांगून टाकायचो. लॉरीचं असलं तर मला खरंच कळायचं. बाकीचं निम्मं मी अंदाजानं ठोकत होतो. कधी बरोबर यायचं, कधी खरं-खोटं करणारा कुणी समोर नसायचा. आणि तू लगेच त्या वस्तूची चिंधी सोडायचास. "हवालदारांनी सांगितलंय, मंग झालं." मला ते वाक्य गुळापेक्षा गोड लागायचं. लागायचं, काय खोटं बोलू?

ही सवय मला लावण्यात तुझाही थोडा हात आहे. आता तुझ्यावर ढकलत नाही, पण आहे. माझ्या लेकीला बघायला वडूजकडची मंडळी आली होती, आठवतंय? मुलाच्या मामानं विचारलं, "पाहुणं, धंदा काय म्हणायचा?" मी म्हणालो, "जुना माल." तो म्हणाला, "म्हंजी भंगार." आणि त्यानं सुपारीचं ताट असं बाजूला सरकवलं की माझ्या बायकोचा चेहरा उतरला. तू कोपऱ्यात पांढरं शर्ट-धोतर घालून बसला होतास. घसा खाकरून म्हणालास, "पाहुणं, भंगार आमी घेतो. हवालदार आमच्यातलं डॉक्टर हाईत. नुसता हात लावून सांगत्यात, ह्ये कशातलं हाय अन् जितं हाय का मेलेलं. दोन जिल्ह्यांतली माणसं त्येंच्याकडं येत्यात." मामा सरसावून बसला. लग्न जमलं. लेक आज सुखात आहे. ते उपकार फेडायची वेळ आली तेव्हा मी काय केलं, ते पुढं सांगतोच आहे.

मामाचं ते ताट सरकवणं माझ्या मनातनं गेलंच नाही. तिथनंच माझ्या डोक्यात हॉल शिरला. भंगारवाल्यांनी मळ्यात पोत्याभोवती किती दिवस बसायचं? हॉल पाहिजे, मांडव पाहिजे, छातीवर बिल्ले पाहिजेत, कापडी फलक पाहिजे, पुण्याहून कुणीतरी मोठा प्रमुख पाहुणा पाहिजे. आपली ओळख वाढली पाहिजे, भट्टीवाल्या बड्या लोकांशी बसणं-उठणं पाहिजे. दोन वर्षं आपण यावर भांडलो. मी म्हणायचो, तुला पुढं जायचंच नाही. तू म्हणायचास, "मान पायजे व्हय तुला? आरं मळ्यात ये, ढेपंवर बसवतो." मी चिडून आठ-आठ दिवस तुझ्या पत्राला उत्तर द्यायचो नाही. एकदा मात्र तू चेष्टा न करता म्हणालास, "हवालदार, खुर्चीत बसलेला माणूस ठाऊक न्हाई म्हणत न्हाई. त्येला समदंच ठाऊक असतंय. पोत्यावर बसला तरच म्हणतो." मी म्हणालो, "तुझं पोतं घेऊन ये हॉलमध्ये. शेवटी पसरू. कार्यक्रमपत्रिकेत छापतो." आणि तू, माझ्यावर विश्वास ठेवून, बरं म्हणालास.

छापलं होतं मी. खोटं नाही. शेवटची ओळ: "अनोळखी वस्तूंची ओळख." तिच्यावर सोळा ओळी होत्या. स्वागत, दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा परिचय, सत्कार, सत्काराला उत्तर, आणखी सत्कार.

त्या मेळाव्याच्या दिवशी साताऱ्यात प्रमुख पाहुणे दोन तास उशिरा आले. पुण्याकडचे मोठे भट्टीवाले, वितळवायला लागणारा माल गाड्या भरून घेणारे. ते येईपर्यंत चाळीस माणसं बिल्ले लावून ताटकळत बसलेली. तू दुसऱ्या रांगेत होतास, मांडीवर पोत्याची वळकटी, पायाशी पिशवी. आले एकदाचे. मग मी बोललो, ते बोलले, परत मी बोललो. त्यांच्या बोलण्यात आपल्या धंद्याचं काही नव्हतं. त्यांनी आम्हाला शिस्त आणि सचोटी शिकवली. मी पहिल्या टाळीपासून शेवटच्या टाळीपर्यंत टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात त्यांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, निघायला हवं. मी माइकवरनं सांगितलं, "पाहुण्यांना घाई असल्यामुळं पुढचा कार्यक्रम रद्द करण्यात येत आहे." एका वाक्यात रद्द केलं, महिपत. तुझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

सगळी माणसं पाहुण्यांच्या मोटारीकडं धावली. मी त्यांची शाल आणि नारळ हातात घेऊन पायऱ्या उतरत होतो, आणि तू आडवा आलास. पिशवीतनं ते काढलंस. हातभर लांबीचा, मनगटापेक्षा जाड पोलादी नळा, दोन्ही तोंडं बंद, एका टोकाला पितळेची जाड कडी. "हवालदार, येवढं बघ की. गाडीभर मालात आलंय. कशातलं हाय?"

मी हातात घेतलं नाही. माझे हात रिकामे नव्हते. मोटार सुरू झाल्याचा आवाज आला आणि मी चालता चालता म्हणालो, "लॉरीच्या चाकावरचा शॉकप हाय, दणकं खाणारा. रिकामा झालेला. तापव, कडी सुटंल."

"नक्की?"

"आरं नक्की म्हंजी नक्की! सोळा वर्सं मी लष्करात काय हजामती केल्या?"

तू हसलास. "बरं," म्हणालास आणि नळा परत पिशवीत ठेवलास. पोतं काखेत मारून पाचच्या सांगली गाडीसाठी स्टँडकडं निघालास. मी पाहुण्यांच्या मोटारीचं दार लावायला पुढं झालो. ही आपली शेवटची भेट. ह्यात एकही गोड शब्द नाही, मी खूप शोधला.

मेळाव्यानंतर नवव्या दिवशी माधवनगरहून सुताच्या गाठी घेऊन आलेल्या ट्रकवाल्यानं सांगितलं. मी तसाच निघालो. पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. तुला दवाखान्यात न्यायला टॅक्सी आणली होती म्हणे, ती रिकामीच परत गेली. तुझी भट्टी चारी बाजूंना पसरली होती. गिरणीच्या भिंतीला दगडाएवढी खोक पडली होती आणि खोकीखाली तो नळा पडला होता, अर्धाच. कडी तशीच होती. मी कडीवरनं ओळखला.

आटपाडीकडचा बिरू तिथं उभा होता. बिरूला तू मेळाव्यात आणलेलंस. घरची मेंढरं सोडून सायकलवर गावोगाव पत्रा-लोखंड गोळा करणारा, कधी न बोलणारा. त्यानं तो तुकडा उचलला, आतनं बघितलं आणि हळूच खाली ठेवला. "हवालदार, ह्ये उडत्या इमानाच्या पायातलं हाय," म्हणाला. "चाकाच्या वर असतंय. मी तरनापणी इमानाच्या तळावर झाडलोटीला हुतो. ह्येच्यात वारं ठासून कोंडलेलं असतंय. तितं आमास्नी ह्येला हात बी लावू देत न्हवते, मंग इस्तू दावायचा तर लांबच."

मी विचारलं, "बिरू, तू साताऱ्याला मेळाव्याला होतास का?"

"व्हय की. पार मागं बसलो हुतो," तो म्हणाला. "पोतं कवा पसरताय म्हणून वाट बघत हुतो."

हे ऐकून मी तिथंच मातीत बसलो, महिपत. लोकांनी पाणी आणलं, पाठीवरनं हात फिरवला. त्यांना वाटलं मित्राच्या दुःखानं बसलो. त्या हॉलमध्ये तू माझ्यापासून दहा हातांवर बसला होतास आणि बिरू तुझ्यापासून दहा हातांवर. मधे फक्त माझा माइक होता. पोतं पसरलं असतं तर तो नळा बिरूच्या हातात गेला असता. त्यानं हेच सांगितलं असतं, आणि तू चिंधी बांधून फळीवर ठेवला असतास. एवढ्यानं तू आज जिता असतास. माझा कार्यक्रम पाऊण तासानं लांबला असता, बस.

आणि मग ती घडी, जिच्यापायी मला आरशात बघवत नाही. पार्वतीवहिनी आत बसल्या होत्या. मला बघून बायका बाजूला सरल्या. वहिनींच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. त्यांनी थेट विचारलं, "भावजी, ह्ये कवाच इचारल्याबिगर हात लावत न्हवते. ह्या खेपंला ह्येंनी कुणाला इचारलं न्हवतं का ओ?"

मी खाली बघत म्हणालो, "वहिनी, मला ठाऊक न्हाई."

उभ्या आयुष्यात पहिल्यांदा म्हणालो ते वाक्य. आणि खोटं म्हणालो.

माझ्या त्या खोटेपणावरच मग बाकी सगळं उभं राहिलं. वहिनींना कुणी सांगितलं नाही, तुझ्या भावाला कुणी सांगितलं नाही, म्हणजे महिपतनं कुणाला विचारलंच नसणार. भाऊ म्हणायला लागला, "दादाला घाई नडली." तात्या म्हणाले, "हाव सुटली असंल गड्याला, माणूसच हाय." तुला हाव! वर्षानुवर्षं शेरभर पितळ फळीवर ठेवून लोकांना त्याचं नाव विचारत फिरणाऱ्याला हाव! मी तिथं उभा होतो. माझे कान ऐकत होते आणि तोंड गप्प होतं. भित्रा मी लष्करात कधी नव्हतो, हे तुला सांगून काय उपयोग? इथं झालो.

बारा-तेरा दिवस असेच गेले. शेडमध्ये कुणी काही दाखवायला आणलं की मी त्याच्या अंगावर खेकसत होतो. बायको म्हणाली, "काय झालंय त्ये बोला तरी." तिलाही सांगितलं नाही. मग तात्यांचं पत्र आलं, की रविवारी माधवनगरला सुताच्या गोदामात शोकसभा आहे आणि अध्यक्ष मी आहे. दुखवट्याचा ठराव मीच लिहायचा होता. लिहिला. "कै. महिपत यांचे अपघाती व दुर्दैवी निधन." अपघाती हा शब्द लिहिताना हात थांबला आणि मी ठरवलं, की ठराव वाचायचा नाही. सांगून टाकायचं. तुझं नाव तरी धुऊन निघेल. माझं काय व्हायचं ते होऊ दे. लोकांनी जोडे मारले तरी उभं राहायचं, असं मनाशी घोकत मी सांगली गाडीत बसलो.

गोदाम भरलं होतं. दोन्ही जिल्ह्यांतले सगळे आले होते. तुझा फोटो खुर्चीवर ठेवला होता. फोटोतही तू कुणाला तरी काहीतरी विचारायला निघाल्यासारखा दिसतोस. मी उठलो. ठरावाचा कागद खिशातच ठेवला. सांगितलं, महिपत. काही राखून ठेवलं नाही. पोतं पसरू दिलं नाही ते सांगितलं, पायरीवरचं सांगितलं, तुझं "नक्की?" आणि माझं "नक्की" सांगितलं. नळा हातातसुद्धा घेतला नव्हता हे सांगितलं. वहिनींशी खोटं बोललो ते सांगितलं. म्हणालो, "महिपतनं नियम मोडला नाही. त्यानं विचारलं होतं. मला ठाऊक नव्हतं आणि मी ठाऊक आहे म्हणालो. त्याला मी मारलं." आणि जोडे खायला उभा राहिलो.

मग तात्या उठले. डोळे पुसत माझ्याजवळ आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि लोकांकडं वळून म्हणाले, "बघितलंसा? ह्येला म्हणायचं काळीज! मेलेल्या मित्राची चूक हवालदार आपल्या अंगावर घ्यायला निघाल्यात. त्येच्या बायका-पोरांस्नी बोल लागू नये म्हणून. आवं, हवालदारांस्नी शॉकप कळत न्हाई, ह्ये कुणाला तरी पटंल का?"

कुणालाच पटलं नाही. मी ओरडलो, "आरं, खरं सांगतोय!" त्यानं तर त्यांचा गहिवर वाढलाच. कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनी वाजवल्या. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत, याचंही कुणाला भान राहिलं नाही. मी बिरूकडं बघितलं. वाटलं, हा तरी बोलेल. पण तो नळा कशातला होता एवढंच त्याला ठाऊक. पायरीवर काय झालं ते ऐकायला तो नव्हता. आणि विट्याच्या रद्दीवाल्यानं ठराव मांडला, तो ऐक: कै. महिपत यांच्याकडून झालेल्या चुकीपासून सर्व व्यापारी बंधूंनी बोध घ्यावा. एकमतानं मंजूर झाला. पुढच्या मेळाव्याचा अध्यक्षही त्याच सभेत ठरला. मीच. ते ज्ञान नव्हतं रे, माझा नुसता थाट होता सगळा, आणि तो एवढा पक्का बसलाय की माझ्याच्यानं आता मोडत नाही. तुझं नाव धुवायला गेलो आणि ठरावात घालून आलो.

टाळ्या थांबल्या तेव्हा माझ्या लक्षात आलं, मागं बायकांत बसलेल्या वहिनी उठून उभ्या आहेत. भिंतीच्या कडेनं त्या पुढं आल्या. लोकांनी वाट दिली. त्यांना वाटलं असेल, माझ्या पाया पडायला येतायत. त्या माझ्यासमोर येऊन थांबल्या आणि फक्त मला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात बोलल्या.

"त्या दिशी मी इचारलं, तवा का न्हाई सांगितलंसा?"

मी खिशातला ठरावाचा कागद चुरगाळत राहिलो.

"ह्येंनी इचारलं असणारच, ह्ये मला ठाव हुतं," त्या म्हणाल्या. "कुणाला, येवढंच कळत न्हवतं. ही समदी खोटं म्हणू द्यात. तुमी सांगितलंसा त्ये खरं हाय. आता परत आमच्या दारात येऊ नगा, भावजी."

त्या गेल्या. त्यांच्या मागं बायका गेल्या. पुरुष मला घेऊन चहाला निघाले. मी त्यानंतर तुझ्या घरी गेलो नाही. जाणारही नाही. त्या अख्ख्या गोदामात एकाच माणसानं माझ्या शब्दावर विश्वास ठेवला, महिपत, आणि त्याच माणसाच्या दारात मला आता उभं राहता येत नाही.